सहीचं पान

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस भुरभुरत होता. सायकलच्या हँडलला लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद वाचून कृष्णा म्हणाला, "आज आपण लिंझहून निघतोय."

"हॅनकॉकहून," नीलांबरी म्हणाली.

"ते आहेच गं. पण कागदावर लिंझ."

लिंझ हे ऑस्ट्रियातलं गाव, डॅन्यूब नदीच्या काठावरचं. हॅनकॉक हे मेरीलँडमधलं, पोटोमॅकच्या काठावरचं. दोन्हींच्या मध्ये अख्खा अटलांटिक पसरलेला होता, पण कृष्णाने मनाने तो कधीच ओलांडला होता. पहिल्या संध्याकाळी मोटेलच्या दारात उभं राहून त्याने "हे आपलं श्लोगन, डॅन्यूबवरचा पहिला मुक्काम" असं जाहीर केलं, तेव्हा ती फक्त म्हणाली होती, "गरम पाणी आहे का बघ." तिच्या उजव्या गुडघ्याने तोवर राजीनामा दिला होता आणि डावा नोटीस पिरियडवर होता. मुक्कामाच्या गावाला कोणी काही नाव देवो, तिला फक्त पलंग हवा होता.

खरं तर ते आज डॅन्यूबवरच असायचे. जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत, नदीकाठाने सायकलवर, सात दिवस. कृष्णाचं हे स्वप्न जुनं. अठ्ठावन्नाव्या वर्षी डेटाबेसच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर त्याने वर्षभर दुसरं काही केलंच नाही. न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या घरातल्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून त्याने एक्सेल शीट बनवली होती. दिवस, अंतर, चढ, मुक्काम, शाकाहारी जेवण मिळेल का, पाऊस आला तर काय. एक रकाना व्हिसाचाही होता. त्यात त्याने 'लागत नाही' असं लिहून खाली दोघांसाठी ओढून घेतलं होतं.

निघायला तीन आठवडे उरले असताना एअरलाइनच्या वेबसाइटवर तो माहिती भरत बसला होता. नीलांबरी ओट्यापाशी उभी होती.

"नीलू, सिटिझनशिप काय टाकू तुझी?"

"काय टाकू म्हणजे? इंडिया."

कृष्णा मूळचा नागपूरचा. गडबडला की अंगावरचं तीस वर्षांचं न्यू जर्सी गळून पडायचं. "इंडिया काहून?"

"काहून म्हणजे? माझा पासपोर्ट कुठला आहे?"

कृष्णाने एक्सेल शीट उघडून व्हिसाचा रकाना पाहिला.

तो आठ वर्षांपूर्वी अमेरिकन सिटिझन झाला होता. तेव्हापासून निळा पासपोर्ट खिशात टाकून लंडन, फ्रँकफर्ट, सिंगापूर, कुठेही जाऊन यायचा. ती अजून ग्रीन कार्डावरच होती आणि तिचा भारतीय पासपोर्ट ती दर दहा वर्षांनी न चुकता नवा करायची. त्याला युरोपचा व्हिसा लागत नव्हता, तिला लागत होता. हे तो विसरला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. रोज ज्या दारातून आपण सहज जातो तिथे दार आहे हे आपल्या लक्षातच राहत नाही, तसं झालं होतं. पण जिच्यासोबत सव्वीस वर्षं एका छपराखाली काढली ती आपल्याबरोबर त्या दारातून जाऊ शकत नाही, हेही लक्षात राहू नये? व्हिसाच्या अपॉइंटमेंट नोव्हेंबरपर्यंत भरलेल्या होत्या. तिकिटं कॅन्सल झाली.

नीलांबरी चिडली नाही. चिडायलाही अंगात जोर लागतो. तिला फक्त थकवा आला. उन्हाळी सुट्टीतून परत आल्यावर दाराशी पडलेल्या बॅगा बघून येतो तसला.

सांता क्लाराहून लेकीचा, इशिताचा, फोन आला. "वेट, आई. बाबा फॉरगॉट यू आर इंडियन? हाऊ?" दोघी खूप हसल्या. नीलांबरी जरा जास्तच वेळ हसत राहिली.

पश्चात्ताप झाला की कृष्णा पर्याय शोधतो. चार दिवसांत त्याने पोटोमॅक शोधून काढली. कंबरलँडपासून वॉशिंग्टनपर्यंत नदीच्या कडेने एक जुना कालवा आहे. पूर्वी त्यातल्या होड्या ओढत खेचरं काठाने चालायची. त्यांच्या त्या वाटेवर आता सायकली चालतात.

"तीनशे किलोमीटर तिकडे, तीनशे इकडे," तो म्हणाला. "नदी डाव्या हाताला नाही, उजव्या हाताला, एवढाच काय तो फरक."

"म्हणजे खेचरांच्या वाटेने न्यायचं म्हणतोस मला."

"बाकी सगळं सेम आहे गं."

"खेचरांचा पासपोर्ट नसतो विचारत कोणी. चल."

एवढ्यावर थांबता तर तो कृष्णा कसला. निघायच्या आदल्या दिवशी त्याने तिच्या हातात झिपलॉकची पिशवी ठेवली. आत सिटिझनशिपचा फॉर्म होता, प्रिंट काढलेला, चौदा पानांचा. "सात मुक्काम आहेत. रोज संध्याकाळी दोन पानं. वॉशिंग्टनला पोचलो की सही. पुढच्या वर्षी खरी डॅन्यूब." फॉर्म ऑनलाइनही भरता येतो. पण ऑनलाइन म्हटलं की नीलांबरी पासवर्ड विसरते, हे त्याला माहीत होतं. आठ वर्षांत ती तो तीनदा विसरली होती.

"बघू," ती म्हणाली.

तिच्या 'बघू'ला तो आजवर 'हो' समजत आला होता आणि बहुतेक वेळा ते 'हो'च निघायचं. या वेळी मात्र तिला खरंच बघायचं होतं. वॉशिंग्टनपर्यंत ठरवायचं होतं, सही करायची की नाही. लोक विचारायचे, अजून कशाला अडून बसलीस? ती म्हणायची, आळस. कधी म्हणायची, घराच्या दोन किल्ल्या असल्या की एक आपण शेजारी ठेवतोच ना, तसं समजा. खरं कारण तिला स्वतःलाही नीट मांडता येत नव्हतं, आणि न मांडता येणारी कारणं कृष्णाच्या कुठल्याच रकान्यात बसत नसत.

पहिल्या संध्याकाळची दोन पानं सोपी होती. नाव, आधीचं नाव. 'नीलांबरी वामन ताम्हनकर' असं तिने कित्येक वर्षांनी लिहिलं आणि जागा पुरली नाही. दुसऱ्या संध्याकाळी, हॅनकॉकच्या मोटेलमध्ये, घरांचे पत्ते, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतली नोकरी, आणि गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर कुठे कुठे जाऊन आलात ते. ती तीनदा गेली होती. बाबांच्या ऑपरेशनला. बाबांना दुसऱ्यांदा ॲडमिट केलं तेव्हा. बाबांच्या दिवसांना. फॉर्मने कारण विचारलं नव्हतं. तारखा आणि देश. इंडिया, इंडिया, इंडिया, असं एकाखाली एक लिहून तिने पेन ठेवलं आणि पाय उशीवर घेतले.

तर आता तिसरा दिवस. मोटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी दोघांच्या सायकलींकडे आणि मग आभाळाकडे पाहिलं. "हनी, आज त्या कालव्याच्या वाटेने नका जाऊ, नुसता चिखल आहे. शेजारूनच जुन्या रेल्वेच्या जागेवर डांबरी वाट केलीय. बिग पूलपर्यंत जाते."

"ती नदीची वाट नाही ना," कृष्णा बाहेर आल्यावर म्हणाला.

"नदी तिथूनही दिसते."

"दिसते. पण खरी वाट ही."

नीलांबरीने कालव्याच्या वाटेकडे पाहिलं. गाडीची दोन चाकं जावीत तशा दोन चाकोऱ्या, मध्ये गवताचा पट्टा. चाकोऱ्यांत कालच्या चहासारखं पाणी साचलेलं. दोन दिवस त्या चाकोरीत कृष्णा पुढे आणि ती मागे अशी सायकल चालवत आली होती. त्याच्या पिवळ्या रेनकोटाची पाठ तिला पाठ झाली होती. तो मागे वळून कधी बघायचा नाही. पहिल्या दिवशी तिने बोलून दाखवलं, तर हेल्मेटला लावलेल्या इवल्याशा आरशाकडे बोट दाखवून म्हणाला, "यात बघतो की."

"मी डांबरावरून येते," ती म्हणाली. "बिग पूलला भेटू."

त्याने पिशवीतला कागद पाहिला. शीटमध्ये हे नव्हतं. मग म्हणाला, "ठीक. फोन चालू ठेव."

डांबरी वाटेवर चाकं अशी काही पळाली, की गुडघ्यांनीसुद्धा राजीनामा मागे घ्यायचा विचार केला असावा. दोन वाटांच्या मध्ये झाडं, आणि झाडांपलीकडे कृष्णाचा पिवळा ठिपका कधी दिसायचा, कधी नाही.

"ठीक?" तिकडून हाक आली.

"ठीक," तिने ओरडून सांगितलं.

मग आणखी एकदा, अस्पष्ट, "ठीक?" त्यानंतर तो मागे पडला आणि ती चालवत राहिली. समोर कोणाची पाठ नव्हती. ओल्या झाडांचा वास होता, कालव्यातल्या ओंडक्यावर ओळीने बसलेली कासवं होती, आणि आपण कुठल्या गावची, कुठल्या नदीची, हे त्यांना कोणी विचारत नव्हतं. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की थोडं अपराध्यासारखंही वाटलं.

बिग पूलला डांबर संपलं. ती बाकावर बसली, डब्यातली एक दशमी शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ली, दोन त्याच्यासाठी ठेवल्या. वीस मिनिटं झाली. फोनला रेंज नव्हती. अर्धा तास झाला. तिने त्याच्या वाटणीच्या दशम्यांतली अर्धी खाल्ली, रागाने. चाळीस मिनिटं झाल्यावर तिने राग डब्यात बंद केला आणि सायकल उलटी वळवून चिखलाच्या वाटेला लागली.

मैलभरातच तो दिसला. सायकल हाताने ढकलत येत होता. डाव्या बाजूने डोक्यापासून बुटापर्यंत चिखल, उजव्या बाजूने लख्ख, जणू अर्धाच माणूस कोणीतरी बुडवून काढला होता. हेल्मेटचा आरसा तुटून लोंबत होता.

"काय झालं?"

"पडलो."

"ते दिसतंय. लागलं का?"

"नाही. मागचा गिअर वाकलाय."

तिने रुमाल ओला करून त्याच्या कानातला चिखल काढला. तो लहान मुलासारखा मान वाकडी करून उभा राहिला.

"खड्डा दिसला नाही?"

"समोर बघत नव्हतो." मग जमिनीकडे बघत, "आरशात दिसेनास. म्हणून मान वळवली. तेवढ्यात खड्डा."

"मी मागे नव्हतेच रे. बाजूला होते."

"माहीत होतं ना. पण सवय असते."

तिला हसू आलं. पण हसायलाही त्राण हवं. डबा काढून तिने त्याला दशमी दिली. "अर्धी कुठे गेली?" त्याने विचारलं. "तुझी वाट बघत होती, माझ्यासारखीच कंटाळली," ती म्हणाली.

त्याने चेन एकाच गिअरवर कशीबशी बसवली. त्या एका गिअरवर त्याला चढ चढवेना आणि वेग धरवेना. बिग पूलपासून विल्यम्सपोर्टपर्यंत वीस किलोमीटर, थोडं सायकलवर, पुष्कळसं पायी. इथे डांबर नव्हतं. एकदा नीलांबरीचा पाय चिखलात रुतला तो बूट तिथेच ठेवून वर आला. कृष्णाने बूट उपसून काढला, उलटा करून पाणी ओतलं आणि गुडघ्यावर बसून तिच्या पायात घातला. मैलाचे दगड एक एक करून कमी होत होते, पण इतके सावकाश, की मधल्या मधे कोणीतरी नवे आणून रोवतंय असं वाटावं.

विल्यम्सपोर्टच्या मोटेलवर पोचायला पाच वाजले. आंघोळी झाल्या. हालापिन्यो मिरच्या घातलेला पिझ्झा आला. बूट हीटरसमोर ठेवले, पण हीटर नुसताच खोकत होता.

कृष्णाने झिपलॉक काढली. आजचं पाचवं-सहावं पान. "राहू दे का आज?" त्याने विचारलं. त्याने असं विचारणं ही मोठीच गोष्ट होती.

"आण इकडे. पडल्या पडल्या भरते."

पान लग्नाचं होतं. तिने वाचलं, "एकाच वेळी एकापेक्षा जास्त जोडीदार होते का?"

"काय लिहितेस?"

"एकानेच दम काढलाय, असं." तिने 'नाही'वर खूण केली. "जोडीदार सिटिझन कधी झाला? तारीख सांग."

ज्याला दहा वर्षांपूर्वी टायर बदलल्याची तारीख पाठ, त्याला ही आठवेना. "एप्रिल. नाही, मे असेल. तुला आठवत नाही?"

"मी कुठे होते?"

"सांगलीला. आईंच्या मोतीबिंदूच्या वेळी."

तिने पेन खाली ठेवलं. आठ वर्षांत तिने त्याला त्या दिवसाबद्दल कधी काही विचारलंच नव्हतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. "काय झालं होतं त्या दिवशी?"

"काही नाही. नेवार्कला गेलो. मोठा हॉल होता, सगळ्यांनी घरची माणसं आणलेली. हात वर केला, म्हणायचं ते म्हटलं. एक छोटा झेंडा देतात. बाहेर येऊन गाडीत बसलो. तुला फोन करावा तर इशिताची परीक्षा आणि तुझी तिकडे रात्रीची धावपळ. डब्यातला उपमा खाल्ला. एक वाजता मीटिंग होती, ऑफिसला गेलो."

"आणि झेंडा?"

"तुळशीच्या कुंडीत लावला होता. तू आल्यावर दिसेल म्हणून."

नीलांबरी थोडी उठून बसली. "तो तू लावलेलास? मला वाटलं त्या रिअल इस्टेटवाल्याने खोचलाय, जुलैत सगळ्यांच्या अंगणात लावून जातो तो. मी काढून टाकला."

"बघितलं मी. कचऱ्यात होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

यात टोमणा नव्हता. हिशेबही नव्हता. एकमेकांच्या नकळत, एकाने नेवार्कला आणि एकीने सांगलीला, दोघांनी तो मोठा दिवस एकट्याने काढला होता, एवढंच. खिडकीबाहेर पाऊस थांबला होता आणि पार्किंगमध्ये कोणाची तरी गाडी उगाच पींपीं करत होती.

तिने तिची पर्स ओढली. रात्र बाहेर काढायची तर पासपोर्ट जवळ हवा, मग ती रात्र मेरीलँडमध्ये का असेना, ही बाबांची शिकवण. पहिल्या पासपोर्टसाठी ते तिच्याबरोबर रांगेत उभे राहिले होते, घरून आणलेल्या पाण्याच्या बाटलीसकट. ती पासपोर्ट काढून ओला झालाय का बघू लागली. शेवटच्या पानावर थांबली आणि तो कृष्णाच्या पुढे धरला.

"हे वाच."

त्याने चष्मा शोधला. पानावर तीन नावं छापलेली होती. वडिलांचं, आईचं, नवऱ्याचं. नवऱ्याच्या जागी त्याचं स्वतःचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

"तुझ्या पासपोर्टात माझं नाव कुठे आहे?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ आहे का असं विचारावं तसा.

"आमच्यात छापत नाहीत."

"जुन्यात होतं."

"हो. जुना कॅन्सल केला ना त्यांनी. भोकं पाडून दिला परत."

"मग घराचे-बँकेचे कागद आणि लग्नाचा दाखला सोडला तर हा एकच कागद उरला, आपली दोघांची नावं असलेला. आणि बाबांचंही आहे." ती उशीला टेकली. "मला आळस नाहीये, कृष्णा. मला हे देऊन टाकायचं नाहीये. अजून तरी नाही. सांगता येत नव्हतं, इतकंच."

कृष्णाने ते पान पुन्हा वाचलं. मग आधीची पानं उलटून तारीख बघितली. कितीही काही झालं तरी तो तारीख बघणारच.

"एकतीस सालापर्यंत आहे," तो म्हणाला. "यावर व्हिसा मिळतो."

"मिळतो. आधी मागावा लागतो."

"जानेवारीत मागू. मी पण येतो."

"तुझं तिथे काय काम?"

"रांगेत उभा राहीन. पाण्याची बाटली धरून."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो उठून हीटरजवळ गेला, तिचा डावा बूट हातात घेतला, आत बोटं घातली. "नुसता पाण्याचा तांब्या आहे. वर्तमानपत्र कोंबायला हवं." बाहेर काउंटरवर विचारून आला. तिथल्या पोरीला वर्तमानपत्र हा शब्दच क्षणभर कळला नाही, म्हणे. कित्येक वर्षांत कोणी मागितलं नव्हतं.

तो खोलीभर बघत उभा राहिला. मग झिपलॉकमधली कोरी पानं उपसली, त्यातलं एक निवडून काढलं आणि चुरगळायला लागला.

"अरे, ते सहीचं पान आहे."

"माहीत आहे." त्याने तो बोळा बुटाच्या टोकापर्यंत दाबला. "घरी प्रिंटर आहे. तुला कधी वाटलं तर."

"आणि वाटलंच नाही तर?"

"तर उद्या बूट तरी कोरडे घालशील."

डाव्या बुटाला सहा पानं लागली, उजव्याला उरलेली कोरी पुरली नाहीत. तेव्हा नीलांबरीने पडल्या पडल्याच हात पुढे करून भरलेली पानं त्याला दिली. ताम्हनकर गेले, पिस्कॅटवेचे पत्ते गेले, सांगलीच्या तिन्ही फेऱ्या गेल्या. हीटर खोकत होता. अजून चार दिवस होते, दीडशे किलोमीटर, वाकलेला गिअर आणि चारांपैकी एकही धड नसलेले गुडघे.

"कृष्णा."

"हं?"

"उद्या पुढे नको जाऊस. बाजूने चालव. चाकोऱ्या दोन आहेत."

"मध्ये गवत आहे गं, बोलायला ओरडावं लागेल," तो म्हणाला. "आणि उद्या तर ग्राइनहून मेल्कपर्यंत, म्हणजे तुझ्या त्या शेपर्ड्सटाउनपर्यंत, सगळ्यांत लांबचा टप्पा, त्यात माझा एकच गिअर..."

त्याने वळून पाहिलं. जेमतेम आठ वाजले होते आणि ती झोपली होती, हातात पासपोर्ट, शेवटच्या पानात बोट घालून. त्याने ते बोट हळूच सोडवलं, पासपोर्ट झिपलॉकमध्ये घातला, हवा काढून पिशवी नीट बंद केली, आणि तिच्या उशीखाली सरकवली.